राणीची मिशी

आमच्या गावच्या दंडारीत माझ्यासारखी देखणी राणी झाली नाही, होणारही नाही! हे मी नाही, गाव म्हणतं. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, भरदुपारी आमचं दंडारीचं नाटक रंगतं आणि त्यात बाईचं काम पुरुषानंच करायचं, हा जुना रिवाज. मी लुगडं नेसून उभा राहिलो की पुढच्या रांगेतले म्हातारे टोप्या सावरतात.

अडचण एकच. पावडरीचे कितीही थर द्या, घाम आला की ओठावर मिशीची हिरवी सावली उमटायची. म्हणून यंदा मी गोंदियाला जाऊन लेझरच करून घ्यायचं ठरवलं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हा प्रकाश केसातला काळा रंग शोधतो, तिथं त्याची उष्णता होते आणि केसाचं मूळ भाजतं. मूळ जागेवर हवं, म्हणून वस्तरा चालेल, उपटायचं नाही. पण सगळेच केस एका वेळी वाढत नसतात. काही झोपलेले असतात, ते वाचतात. त्यांना जाग आली की पुन्हा यायचं.

"भैया, सोच लो," त्या म्हणाल्या. "बाद में मूंछ चाहिए बोलोगे, तो मैं नहीं लगा पाऊंगी."

मी हसलो. राणीला मिशी कशाला हवी?

डोळ्यांवर काळा चष्मा चढला आणि ओठावर रबर मारल्यासारखी चटचट सुरू झाली. मी मात्र मनानं नवेगावच्या तलावावर पोचलो होतो. सकाळचं धुकं, निवांत पाणी, नावेत राणीच्या वेशात मी एकटा आणि काठावर सारी मंडई माझी वाट पाहत उभी. दर खेपेला हेच स्वप्न थोडं पुढे सरकायचं. घरी आचल, म्हणजे माझी बायको, माझ्याकडून राणीचे संवाद म्हणवून घ्यायची. धान कापणीला येईपर्यंत ओठ त्या पाण्यासारखा गुळगुळीत झाला. मी फार सुखात होतो.

अशातच दंडारीचे म्होरके उदारामकाका घरी आले. राजाचं काम करणारा कवडू कामाला हैदराबादला निघून गेला होता.

"लोकं आता खरी बाई पायजे म्हणून राहिले," काका म्हणाले. "आचलले राणीचं सारं पाठ आहे. तू राजा हो. अन् मिशा वाढव."

राणीपद गेलं म्हणून रडावं की मिशी गेली म्हणून, तेच कळेना. मंडईपर्यंत रोज तेल चोळलं, झोपलेल्या केसांना मनातल्या मनात हाका मारल्या. विरळ लव तेवढी आली. शेवटी डिंकानं खोटी मिशी चिकटवली.

मंडईच्या दिवशी ऊन कडक होतं. मी दरबारात आलो, प्रजेकडे पाहून मिशीला ताव दिला आणि मिशी बोटांत आली. मला पुढचा शब्द आठवेना.

राणी झालेली आचल शांतपणे पुढे आली. तिनं माझ्या हातातली मिशी घेतली आणि स्वतःच्या ओठावर चिकटवली.

"महाराज, तुमी आराम करा. राज्य मी पायतो."

टाळ्या थांबेनात. इतकी वर्षं मी राणी होतो, पण अशी दाद मला कधी मिळाली नाही. मला मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू? पण एक मान्य करतो. मिशी तिला माझ्यापेक्षा जास्त शोभत होती!