घर बघितल्याशिवाय नाय

बाळाराम भोईरांना कॉम्प्युटरवर फ्रेंड रिक्वेस्ट पाठवली, की रविवारी सकाळी ते तुमच्या दारात उभे राहायचे. हातात कापडी पिशवी, पिशवीत शेतातल्या काकड्या. चपला बाहेर काढायचे, चहा घ्यायचे, भिंती, छत, देव्हारा सगळं निरखायचे, घरातल्या माणसांची चौकशी करायचे. मग पुढच्या तासाला कॉलेजात येऊन तुमची रिक्वेस्ट स्वीकारायचे. नापसंत पडलात तर तसं तोंडावर सांगायचे.

कॉलेज उल्हासनगरचं. त्या वर्षी आमच्या प्राचार्यांना भविष्य दिसलं होतं. त्यांनी 'ऑनलाइन मीडिया आणि सोशल नेटवर्किंग' असा शनिवारचा अभ्यासक्रम काढला आणि माहितीपत्रकात 'जागतिक दर्जाची प्रयोगशाळा' असं छापून टाकलं. प्रयोगशाळेत डझनभर कॉम्प्युटर होते. वीज असली की त्यातले बरेचसे चालायचे. शिकवायला मला बसवलं, कारण मी मराठीचा प्राध्यापक असूनही ब्लॉग लिहितो अशी कुणीतरी चुगली केली होती.

वर्गात सगळी विशीतली पोरं आणि साठीला टेकलेले एकटे बाळारामकाका. अंबरनाथच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. राहायला पालेगावात. त्यांच्या बहुतेक शेतावर बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या. उरलेल्या तुकड्यात काकड्या. हा कोर्स कशाला घेतलात, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"जाहिरात बघितली. तुमच्यातलं कोण घरी सांगाय आलं नाय, तरी आलो," ते म्हणाले. आवाजात तक्रार होती.

त्यांचं तत्त्व साधं होतं. "आमच्यात पत्रिका किती पन छापा. कोणी घरी येऊन हातावर अक्षता दिल्याशिवाय आवतण धरत नाय. ही रिक्वेस्ट म्हंजे आवतणच ना? मंग घर बघितल्याशिवाय नाय."

याचा पहिला तडाखा नेहाला बसला. ही अंबरनाथची मुलगी, काकांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. तिनं सहज रिक्वेस्ट टाकली. रविवारी दार वाजलं, नेहाच्या आईनं उघडलं.

"नेहाचं घर हेच ना? तिनं मला रिक्वेस्ट टाकलीय."

"कसली रिक्वेस्ट?"

"फ्रेंडशिपची."

नेहाचे वडील दाढीचा साबण तसाच ठेवून बाहेर आले. पुढची पाच मिनिटं, नेहा सांगायची, तिच्या आयुष्यातली सर्वांत लांब होती. पण काकांनी पिशवीतून काकड्या काढल्या, वडिलांचं गाव विचारलं, बदलापूर गावातल्या त्यांच्या एका चुलत्याला नावानिशी ओळखलं, आणि दुसऱ्या चहाला आई त्यांच्यापाशी मुलीची तक्रार करू लागली.

माझ्याकडेही आले. मी तेव्हा बदलापूरला, नदीकाठच्या मांजर्लीत तळमजल्यावर राहायचो. काकांनी बसायच्या आधी भिंतीवरच्या पिवळट रेघेला बोट लावलं. "नदी इथवर आलेली?" मी हो म्हटलं. "पुस्तकं?" "गेली." शनिवारी मी त्यांचा मित्र झालो. समाजशास्त्रावरचे जाडजूड ग्रंथ वाचून मला मैत्रीबद्दल जे कळलं नव्हतं, ते त्या बोटानं कळलं असं मी म्हणणार नाही, पण बरं वाटलं खरं.

सूरज नावाच्या पोराचे त्या साइटवर शेकडो मित्र होते. त्यातल्या निम्म्यांच्या जागी नट्यांचे फोटो.

"यातले किती घरी आले रे?" काकांनी विचारलं.

"काका, कोणीच नाही. असं नसतं ते."

"मंग उद्या दवाखान्यात पडलास त डबा कोन आणंल? ही कतरिना?"

"आणली तर मी बराच होणार नाही," सूरज म्हणाला. काका सगळ्यांत मोठ्यानं हसले.

त्यांची आणखी एक सवय मला खटकायची. स्टेशनवरून कॉलेजला बाजारातून सरळ रस्ता आहे. काका मात्र नाल्याच्या बाजूनं, नाकाला रुमाल लावून, लांबचा वळसा घालून यायचे. विचारलं तर म्हणायचे, "चाललेलं पोटाला बरं." त्या वासात पोटाला काय बरं होणार, मला कधी समजलं नाही.

वर्षाअखेरीस परीक्षा आली. प्रत्येकानं आपलं पान पडद्यावर दाखवायचं, आपण 'नेटवर्क' कसं वाढवलं ते सांगायचं. बाहेरून परीक्षक आले होते. लॅपटॉपची बॅग, पॉलिश केलेले बूट, आणि दर वाक्याला 'कम्युनिटी'. सूरजवर ते खूश झाले. मग बाळारामकाकांचं पान पडद्यावर आलं.

मित्र बोटांवर मोजण्याइतके. पानाच्या वर, ठळक अक्षरांत: एक रिक्वेस्ट प्रलंबित. खाली नाव: ज्योती. आडनाव सिंधी. फोटोत एक तरुण बाई आणि तिच्या कडेवर टोपडं घातलेलं बाळ.

"हे काय? इथे तर रिक्वेस्ट पडून आहे," परीक्षक म्हणाले. "कधीपासून?"

"कोर्सला आलो त्याच्या दुसऱ्या शनिवारपासून."

"मग अॅक्सेप्ट करा! एक क्लिकचं काम आहे."

"घर बघितल्याशिवाय नाय, साहेब."

परीक्षकांना वाटलं, हा विनोद आहे. "अहो, मग बघून या. फार लांब आहे का?"

काका पडद्याकडे बघत होते. "नाय," ते म्हणाले. "बाजारातून येताना लागतं. मोबाइलच्या दुकानाच्या वर."

वर्गात कुणी हसलं नाही. नेहा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सर, ती मुलगी आहे त्यांची." तिच्या आईला त्या रविवारीच सगळं कळलं होतं. काकांनी ज्योतीचं लग्न ठरवलं होतं, स्वतः घरोघर जाऊन अक्षता दिल्या होत्या. ज्योतीनं त्याआधीच दुकानवाल्या सिंधी मुलाशी रजिस्टर लग्न केलं. काका मग पुन्हा त्याच सगळ्या घरांत गेले, हात जोडून, आवतण परत घ्यायला. शेवटच्या घरातून निघताना म्हणाले होते, तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आता रिक्वेस्ट घ्यायची तर उंबरा ओलांडायला हवा, आणि उंबरा ओलांडायचा तर शब्द मोडायला हवा. आपल्याच दोन नियमांच्या मधे म्हातारा वर्षभर बसून होता.

काकांनी खुर्ची मागे सारली. "सर, परीक्षा कधीपर्यंत हाय?"

"तुम्ही येईपर्यंत," मी म्हणालो. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. मी पाहिलं नाही.

खिडकीतून आम्ही बघत होतो. काका फाटकाबाहेर आले, सवयीनं नाल्याच्या बाजूला वळले, चार पावलं गेले, थांबले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आणि माघारी फिरून बाजाराच्या रस्त्याला लागले.

बाकीच्यांच्या परीक्षा उरकल्या. परीक्षकांनी काकांना पास होण्यापुरते गुण लिहिले आणि ते निघून गेले. मग नेहमीप्रमाणे वीज गेली. पोरंही पांगली. संध्याकाळ होत आली तेव्हा काका आले. पिशवी नव्हती. सदऱ्याच्या खांद्यावर दुधाचा ओला डाग होता.

"कसं आहे घर?" मी विचारलं.

"हवा नाय. जिना अरुंद हाय. पोराला सांभाळून न्यावं लागंल." मग म्हणाले, "जावई पाया पडला. मी काय पाय मागं घेतला नाय."

ते आपल्या कॉम्प्युटरपाशी जाऊन बसले. काळ्या पडद्यासमोर. हात माउसवर.

"काका, लाइट गेलीय. आता रात्रीच येईल. जेवायला तरी थांबायचं होतं तिकडे."

"थांबणारच होतो. ती बोलली, पप्पा, वर्षभर ताटकळत ठेवलंत ना मला? आधी अॅक्सेप्ट करून या, मंग ताट वाढते." त्यांनी मान हलवली. "माझ्यावर गेलीय."

शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता. मी त्याच्याकडून किल्ली मागून घेतली, त्याला घरी पाठवलं आणि काकांशेजारची नेहाची खुर्ची ओढून बसलो.

"तिकडं पन लाइट नाय," काका अंधारात म्हणाले. "ती पन अशीच बसली असंल."