गणितात कृपया नसतं

करंबेळकर काका पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या, मला बाजूला सारलं आणि थेट बाथरूममध्ये शिरले. बिबवेवाडीतल्या या सोसायटीत राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन दिवस झाले होते. आत माझी बायको कपडे भिजवत होती. ती किंचाळलीसुद्धा नाही, इतकी हादरली. काकांनी गीझर लावला, त्याच्या वायरीला चिमट्यासारखा एक मीटर अडकवला आणि म्हणाले, "दहा अँपिअर. व्होल्ट दोनशे तीस. भागा."

"काय?" मी म्हटलं.

"व्होल्टला अँपिअरने भागा. तेवीस ओहम, हा रेझिस्टन्स. आता गुणा. तेवीसशे वॉट, ही पॉवर. दोन आकडे मिळाले की वस्तूची कुंडली हातात येते. शिकलेले दिसता आपण."

शेवटचं वाक्य कौतुकाचं नव्हतं, हे कळायला मला आठवडा लागला. मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, बारीक, रेखीव अक्षरात चारही आकडे लिहिले आणि गीझरला चिकटवली. खाली लिहिलं होतं, 'वेळ ७.१० ते ७.२५.' वेळ कसली, असं मी विचारलं, तर म्हणाले, आंघोळीची. माझ्या आंघोळीची वेळ माझ्या वडिलांनीसुद्धा कधी ठरवली नव्हती.

काकांनी तीस वर्षं मुलांना वायरमनचं काम शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर मुलं सुटली आणि आम्ही सापडलो. कुणाच्या इस्त्रीचे ओहम किती, कुणाचा टोस्टर किती वॉट खातो, हे त्यांना तोंडपाठ. प्रत्येक घराच्या गीझरवर वेगळ्या वेळेची चिठ्ठी. तिसऱ्या मजल्यावर नवी सून आली, तर तिने माप ओलांडायच्या आधी काकांनी तिच्या हेअर ड्रायरचं माप घेतलं होतं. वर पाहुण्यांसमोर म्हणाले, "सून चांगली आहे. ड्रायर अठराशे वॉटचा आहे. सकाळी वापरू नये."

मी सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर लिफ्टमध्ये पाटी लावली, 'कृपया दार नीट लावावे.' दुसऱ्या दिवशी त्यातल्या 'कृपया'वर काट मारलेली. विचारायला गेलो, तर काका दारातच म्हणाले, "दार लागलं तर लिफ्ट चालते, नाही लागलं तर चालत नाही. गणितात कृपया नसतं."

काकूंना मात्र दोन वर्षांत कुणी गॅलरीतही पाहिलं नव्हतं. फुप्फुसांचा आजार आहे, एवढंच आम्ही ऐकून होतो. कशा आहेत म्हणून विचारलं, की काका 'चालू आहे' म्हणायचे, पंख्याबद्दल बोलावं तसं. आणि लगेच, "आज सात अठ्ठावीसला गीझर का बंद केलात?"

शेवटी माझा संयम सुटला. लोणी काळभोरहून मेहुणा बायकामुलांसह लग्नासाठी आला होता. मुहूर्त सकाळचा. पंधरा मिनिटांत सहा माणसांच्या आंघोळी कुठलं गणित बसवणार? मी गीझरवरची चिठ्ठी टराटरा फाडली. आमच्या लाइनवरच्या उरलेल्या पाच घरांतही सांगून आलो, की उद्या बिनधास्त हव्या त्या वेळी गीझर लावा. एक पत्रही तयार केलं, 'यापुढे काकांनी कुणाच्याही घरात मीटर आणू नये.' खाली सहा सह्या.

सकाळी साडेसहाला सहाही गीझर सुरू झाले आणि मी ते पत्र घेऊन खाली काकांकडे गेलो. युद्ध जिंकल्याच्या थाटात.

दार उघडंच होतं. आत एक यंत्र कण्हल्यासारखा आवाज करत होतं. काकू पलंगावर ओणव्या बसल्या होत्या, नाकाला नळी, आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर ओढले जात होते. काका प्लगपाशी उकिडवे बसले होते, हातात तोच मीटर.

"एकशे बाहत्तर व्होल्ट," ते म्हणाले. मला नाही, मीटरला.

मग त्यांनी नळी यंत्रातून काढली आणि शेजारच्या ऑक्सिजनच्या सिलिंडरला लावली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सहा गीझर, साठ अँपिअर. बिल्डिंगची वायर जुनी. दोन गीझर झेपतात. तिसरा लागला की स्टॅबिलायझर हात टेकतो, हिचं हवेचं यंत्र बंद पडतं. सिलिंडर अर्ध्या तासाचा आहे."

मी धावत वर गेलो आणि गीझरचं बटण बंद केलं. आतून साबण लावलेला मेहुणा ओरडला, "दाजी, गीझरचा दिवा गेला की हो!" त्याला म्हटलं, गार पाण्याने उरक. मग पाच दारं ठोठावली. कुणी काय विचारलं, मी काय सांगितलं, आठवत नाही.

परत आलो तेव्हा यंत्र एका लयीत चाललं होतं. मीटरवर दोनशे चौदा. काकूंच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

"हे आधी सांगायचं ना काका," मी म्हटलं. "आम्ही काय परके आहोत?"

"हिची ताकीद. रोज आंघोळीच्या वेळी सगळ्यांनी माझी कीव करायला नको, म्हणाली. मग आमचा विक्षिप्तपणा बरा."

काकू दोन शब्दांमागे एकेक श्वास घेत म्हणाल्या, "यांचा फार... त्रास होतो ना हो... तुम्हा सगळ्यांना?"

सहा सह्यांचं पत्र माझ्या खिशात होतं. "छे हो काकू," मी म्हटलं, आणि शरमेने माझी मान खाली गेली. तेव्हा यंत्रावरची चिठ्ठी दिसली. तेच बारीक, रेखीव अक्षर. पण ना ओहम, ना वॉट, ना वेळ. फक्त एक ओळ होती.

'कृपया दोनशेच्या खाली जाऊ नये.'