पाचवा रकाना

सकाळी सहाला बेल वाजली. दारात समोरचे भोईरकाका, अंगात बनियन, हातात घड्याळ. म्हणाले, "गॅसचा वास येतोय. काय कराल?"

मी आत धावलो. रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, बायकोला हलवून उठवलं. धापा टाकत परत दाराशी आलो तर काका घड्याळात बघत होते. "दिवा लावला नाहीत, चांगलं केलंत. पण बायकोला शेवटी उठवलंत," एवढं बोलून ते घरात गेले. वास कसलाही नव्हता.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. जिन्यात गाठतील, पाण्याच्या टँकरपाशी गाठतील. कानात किडा गेला, काय कराल? हातावर गरम तेल उडालं, काय कराल? मी घाईघाईने काहीतरी सांगायचो. ते मान हलवायचे आणि जायचे. बरोबर की चूक, कधी बोलायचे नाहीत.

काका मूळचे मोरिवलीचे. गावाला लागून असलेल्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तयार माल तपासण्यात घालवली. तिथलं एक गेज अजून त्यांच्या खिशात असतं. स्टीलची बोटभर दांडी. तिचं एक टोक भोकात गेलं पाहिजे, ते 'गो'. दुसरं जाता कामा नये, ते 'नो-गो'. काकांच्या लेखी जगात तिसरा प्रकार नाही. नाक्यावरच्या हॉटेलात मेदूवड्याच्या भोकात ती दांडी घालून बघताना मी त्यांना पाहिलंय. "नो-गो," म्हणाले, आणि दोन खाल्ले.

हल्ली ते इंटरनेटवरचा शोध तपासतात. प्रश्न एकच, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत आणि सिंधीत विचारायचा आणि चारही उत्तरं वहीत आखलेल्या रकान्यांत उतरवायची. गॅसच्या वासाला इंग्रजीत नीट क्रमवार सूचना आल्या. हिंदीत शेगड्यांच्या जाहिराती. मराठीत, स्वप्नात गॅस दिसणं शुभ की अशुभ. सिंधीसाठी ते शेअर रिक्षाने उल्हासनगरला, कॅम्प तीनला जातात. तिथे लालचंद नावाचे त्यांचे ओळखीचे जीन्सची बटणं विकतात. एकदा मीही बरोबर होतो. लालचंद चष्मा पुसत म्हणाले, "भोईर साईं, मेरे पोते को सिंधी नहीं आती, फोन को क्या आएगी?" काकांनी तेही उतरवून घेतलं.

मला वही दाखवताना ते पानाच्या उजव्या कडेवर तळहात ठेवायचे. मला वाटे, वयामुळे हात कापतो म्हणून.

हे सगळं ते बेबीताईंसाठी करतात, हे आमच्या खरवईच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. बेबीताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, चौथी शिकलेली. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली. काकांनी लग्न केलं नाही. गेल्या वर्षी एका संकष्टीला उपाशीपोटी डायबेटिसची, त्यांच्या भाषेत साखरेची, गोळी घ्यायची का, असं ताईंनी फोनला बोलून विचारलं. फोनने साबुदाण्याच्या वड्यांची कृती सांगितली आणि शेवटी, गोळी कधीही चुकवू नये. ताईंनी गोळी घेतली, उपास सोडला नाही, आणि दुपारी ओट्यापाशी कोसळल्या. चार दिवस इस्पितळात होत्या.

बिल्डिंगला माहीत नाही ते असं, की त्या आधी माझ्याकडे आल्या होत्या. गोळ्यांची पट्टी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. मी बूट घालत होतो, अंबरनाथला जाणारी कंपनीची बस गेटवर हॉर्न देत होती. मी म्हणालो, "फोनला विचारा ना ताई, तो सगळं सांगतो." त्या म्हणाल्या, "मेल्याला माजा बोलना नाय कलत." मी हसलो आणि जिना उतरलो.

हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पण काकांच्या प्रश्नांना मी शाळकरी मुलासारखी उत्तरं देई. गेल्या महिन्यात त्यांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा त्यांना स्वतःची काळजी नव्हती. येता-जाता एकच घोकत होते, "मी नसेन तेव्हा ताईने कुणाला विचारायचं? चारातला एक तरी पास झाला पाहिजे."

इस्पितळात जायच्या आदल्या संध्याकाळी ते वही घेऊन आले आणि माझ्या हातात दिली. या वेळी तळहात नव्हता. उजव्या कडेला पाचवा रकाना होता. वर लिहिलं होतं, 'समोरचे'.

पहिली नोंद संकष्टीची. प्रश्न, उपासाला साखरेची गोळी. माझ्या रकान्यात, "फोनला विचारा. नो-गो."

मी विचारलं, "तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"ताईने शुद्धीवर आल्या आल्या सांगितलं. वर म्हणाली, त्यांना घाई होती, त्यांना बोलू नकोस."

"मग एवढे दिवस..."

"बोलून पार्ट सुधारत नाही. तपासत राहावं लागतं." त्यांनी शेवटचं पान उघडलं. चारही भाषांपुढे बरंवाईट मिसळून होतं. पाचव्या रकान्यात खाली खाली सलग 'गो' होते. "तिला सांगितलंय, आधी समोरची बेल वाजव." खिशातलं गेज काढून त्यांनी वहीवर ठेवलं. "हे आत नेऊ देणार नाहीत."

दुसऱ्या सकाळी बेल वाजली. मी बूट घालत होतो, गेटवर बस हॉर्न देत होती. दारात बेबीताई. हातात पट्टी नव्हती, चिठ्ठी नव्हती, काहीच नव्हतं.

"माजा भाऊस बरा होल ना?"

हा प्रश्न वहीत कुठेच नव्हता. मी बूट काढले आणि त्यांना आत बोलावलं.