तात्यांनी पारखलेली मोटर

मार्च १९८६, दुसरा रविवार. सकाळचे साडेआठ. मानवत, आमच्या दारासमोरच्या लिंबाखाली.

हजर: तात्या, वय सत्तरच्या आसपास, हातात काठी. कालव्याच्या कामाचे गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, वय चाळीस, सारखी घड्याळावर नजर. त्यांचा ड्रायव्हर बाबूमियाँ. मी, हातात वही. आणि जिच्यासाठी आम्ही जमलो होतो ती पांढरी मोटर.

तात्या मोटरीच्या तोंडापुढे उकिडवे बसून, जाळीत बोटं घालून तिचे दात मोजत होते.

तात्या आमचे शेजारी. आठ एकर रान, आणि वजीर-नवाब ही लालकंधारी जोडी. बैल पारखावा तर तात्यांनीच. राणीसावरगावपासून माणसं यायची आणि त्यांना बाजाराला घेऊन जायची. जनावरापुढे उभं राहिलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "खोड सांगा आधी. गुण काय, आपसूक दिसतेत."

अडचण एवढीच की जगातल्या सगळ्याच वस्तू ते याच मापानं मोजत. मी शिलाई मशीन घेतलं तेव्हा डोळे मिटून त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "डाव्या अंगावर चालती." दुरुस्तीवाल्यानं उघडलं तर डाव्या बाजूचा स्क्रू खरंच ढिला. कुकरची शिट्टी झाली की दोन पावलं मागं सरत, "ही मारकी हाय, बाई." माझ्या पुतणीला बघायला मुलगा आला, तर त्याला गल्लीच्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि आल्यावर पाण्याचा तांब्या दिला. मुलगा घाबरून पाणी प्यायला. तात्या म्हणाले, "चाल सरळ हाय. घोट घोट पितो, अधाशी न्हाई. द्या पोरगी." दिली. संसार उत्तम चालला आहे. त्यामुळे गल्लीत त्यांना हसायचं म्हटलं तरी जपून हसावं लागे.

तर ती मोटर. गुत्तेदारांनी ती परभणीच्या एका मालकाकडून तीन वर्षांच्या करारानं किरायानं घेतली होती. कालव्याचं काम लवकर संपलं, त्यांना कर्नाटकात दुसरं मिळालं. कराराचे चौदा महिने उरले होते. ते कुणीतरी आपल्या नावावर करून घ्यावेत, मालकाची हरकत नव्हती. किराया तोच, दुरुस्ती घेणाऱ्याची, आणि मधेच सोडली तरी चौदा महिन्यांचा किराया चुकत नाही. सोमवारी परभणीत सही व्हायची होती, म्हणून रविवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही.

तात्यांनी याआधी दोन जिपा आणि एक टेम्पो बघून "पाठ उंच हाय" म्हणून सोडून दिले होते. हे बघणं आम्ही करमणूक समजत होतो. पण शनिवारी वजीर-नवाबला बघायला गिऱ्हाईक येऊन गेलं आणि माझं धाबं दणाणलं. चौदा महिन्यांचा किराया त्या जोडीतूनच निघणार होता.

मी वहीत दोन रकाने पाडले. 'घेऊ नये' या रकान्यात लिहिलं: तात्यांना चालवता येत नाही. शेताला मोटरीची वाट नाही. घरात दुसरं माणूस नाही. काकू जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. जोडी जाईल. 'घ्यावी' या रकान्यात काही सुचेना. तसं मी तात्यांना सांगितलं.

"मोकळा ऱ्हाऊ द्या, बाई," ते म्हणाले. "दुपारपस्तोर भरल."

मग तपासणी सुरू झाली. मोटरीला तीन फेऱ्या. पत्र्यावर थाप. बाबूमियाँला प्रश्न.

"चढाला बसती का?"

"नई चाचा."

"पाण्याला बुजती?"

"चाचा, मोटर हाय ये. बैल नक्को समजो."

"ते म्या बघतो. खोड सांग."

बाबूमियाँनं गुत्तेदाराकडे बघितलं आणि हळूच सांगितलं, "ठंडी में सुबे जरा देर से उठती."

"मंग माणसासारखीच हाय," तात्या खूश झाले.

गुत्तेदार पुढे झाले. "तात्या, विचार काय करायलाव? रोजचं आहे, विद्यापीठाच्या नावावरून आज इथं बंद, उद्या तिथं बंद. एस.टी. सुटंल का न्हाई, स्टँडवर गेल्याबिगर कळत न्हाई. ही दारात उभी असंल."

तात्या मोटरीच्या मागच्या अंगाला गेले. मागचं दार उघडलं, काठी जमिनीवर उभी धरली आणि सीट काठीवर कुठं येते ते बघितलं. काठीला चाकूनं पाडलेली एक खाच होती. सीट बरोबर त्या खाचेला आली. तात्यांनी काठी काढली, पुन्हा लावली, पुन्हा बघितलं. बैलाची उंची अशीच मोजतात, म्हणून मी ते वहीत 'इतर' या शीर्षकाखाली टाकलं.

"आता जुंपून बघू," तात्या म्हणाले.

"म्हणजे?"

"बैल इकत घेताना आऊताला जुंपून बघतेत. त्याबिगर म्या शब्द देत नसतो."

"बघा. पेट्रोल तुमचं," गुत्तेदार म्हणाले. एखादा तास लागेल, असा त्यांचा अंदाज असावा.

"बाई, तुमी बी चला. खोडी लिहून घ्यायला कुणी पायजे."

सेलू गेलं, जिंतूर गेलं, तरी तात्या "आजून जराशी" म्हणत होते. चढ आला की पुढच्या सीटवर स्वतःच पुढं झुकत आणि जीभ टाळूला लावून टक्‌ टक्‌ करत. चढ संपला की बाबूमियाँला थांबायला लावत, मोटरीनं दम खावा म्हणून.

"इसको दम नई लगता, चाचा."

"तू हाकणारा हायस. पारखणारा न्हाईस."

चारठाण्यात जुन्या देवळांच्या अलीकडं एका घरापुढं त्यांनी मोटर थांबवली. दारात बाजेवर एक म्हातारी बसली होती. तात्यांची थोरली बहीण, आक्का. तात्यांना आईमागं यांनीच वाढवलं. मुलगा औरंगाबादला नोकरीला, त्या इथं एकट्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून एस.टी.ची पायरी चढता येत नव्हती. एकदा कंडक्टरनं वरून ओढलं आणि कुणीतरी खालून ढकललं, त्यात खांदा दुखावला. तेव्हापासून सात वर्षं माहेर बंद. भावजय गेली तेव्हाही येता आलं नाही.

तात्यांनी काठी बाजेशेजारी उभी केली. बाजेची गात, म्हणजे कडेचं लाकूड, बरोबर खाचेला आली. मी वही उघडली आणि 'इतर' खालची ओळ खोडली.

"कुणाची रे मोटर?" आक्का म्हणाल्या.

"बघायलाव. जरा बसून बघ."

"म्या काय मोटरी पारखते का?"

"खोड असली तर तुलाच कळल. बस की."

तात्यांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. आक्का सीटवर टेकल्या, पाय आत घेतले आणि आपण बसलो आहोत हे त्यांना आमच्यापेक्षा उशिरा कळलं. जराशानं म्हणाल्या, "मऊ हाय." मग माझ्याकडे वळल्या, "आता उतरू कशी?"

"नगं उतरू," तात्या रस्त्याकडं बघत म्हणाले. "आपल्या घरी जाऊ."

आक्कांनी एकदा घराकडं बघितलं. मग मला कामं सांगायला लागल्या, आणि मी ती क्रमानं लिहिली: फडताळातली दोन लुगडी, गोळ्यांची डबी, चष्मा, दाराला कुलूप, शेळी शेजारणीकडं. शेळी बाबूमियाँनं उचलून नेली. ती त्याला दोनदा मारायला धावली. "इसकी खोड तो बोले नई, चाचा!" तो ओरडला. सात वर्षांच्या उपवासाला इतकी छोटी यादी पुरली. शेवटी आक्कांनी मला बजावलं, "आठ दिसांत मला परत आणून सोडायचं बरं का, बाई." मी सहावी ओळ लिहिली.

संध्याकाळी मानवतला पोचलो तेव्हा गुत्तेदार लिंबाखाली येरझाऱ्या घालत होते. सकाळी गेलेली मोटर दिवे लागताना परत आली होती.

"झालं ना जुंपून? काय ठरलं?"

तात्यांनी आधी आक्कांना घरात नेलं. बाहेर येऊन मोटरीला एक फेरी घातली, तिच्या टपावर हात ठेवला. माझ्या 'घ्यावी' रकान्यात आता एक ठळक ओळ होती, आणि वजीर-नवाब गेल्यात जमा, असं मी धरून चालले होते.

"लय गुणाची हाय," तात्या म्हणाले. "पर खोड हाय. न्हाई जमत."

"खोड? कोणती?"

"सांगत न्हाई. दुसऱ्याला घ्यायची असंल. गिऱ्हाईक काऊन मोडू?"

गुत्तेदार चिडून गेले. बाबूमियाँनं मात्र जाताना तात्यांना सलाम केला. मी वही घेऊन तात्यांपुढं उभी राहिले. दिवसभर मी खोडी लिहायला गेले होते आणि एकही लिहिली नव्हती.

"बाई," तात्या खालच्या आवाजात म्हणाले, "आणती चांगली. पर दारात उभी ऱ्हायली तर आठव्या दिशी परत बी नेती की."

आतून आक्कांचा आवाज आला, "आरं, मिठाची बरणी कुठं हाय? का सहा वर्सं आळणीच खायलास?"

तात्या पळत आत गेले.

याला तीन वर्षं झाली. वजीर-नवाब गोठ्यात आहेत. दिलेला शब्द म्हणून मी अधूनमधून एखादं वाहन ठरवते. तात्या काठी घेऊन येतात, मागचं दार उघडतात आणि मान हलवतात, "पाठ उंच हाय." मागच्या महिन्यात तर अगदी तसलीच पांढरी मोटर मिळाली होती. तरी नापास. मी काठी नीट बघितली. जुन्या खाचेखाली चांगली वीतभर एक नवी, ताजी खाच पाडलेली होती. इतकी बुटकी सीट कुणी करत नाही.

"आक्काचे गुडघे आजून उतरले, बाई," तात्या म्हणाले.

त्याच सकाळी आक्का आमच्या तीन पायऱ्या चढून विरजण मागायला आल्या होत्या. आठवणीनं मी विचारलं, चारठाण्याचं काय करायचं? "तात्या बघायलाय की मोटर," त्या म्हणाल्या. "त्याच्या मनासारखी मिळू द्या." आणि वाटी घेऊन, कठड्याला न धरता, उतरून गेल्या.

माझ्या वहीत त्या रविवारच्या पाच ओळींपुढं खुणा आहेत. सहावी, 'आक्कांना चारठाण्याला पोचवणे', अजून तशीच आहे.