चंद्रकलाच्या काखेतली बाटली

आमच्या शेजारची चंद्रकला "बरं आहे ना?" असं कधी विचारत नाही. विचारते, "वैनी, लघवी लागली काय?" भर भाजीबाजारात, चार माणसांत!

अमरावतीत सोनोग्राफीच्या दवाखान्यात ती कामाला आहे. गर्भाशय नीट दिसायला मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून आलेल्या बाईला पाणी पाजायचं हे तिचं काम. पण काम दवाखान्यात ठेवून आली तर ती चंद्रकला कसली! माझ्या नातवाच्या बारशाला तिनं पंगतीआधीच बायकांना तीन-तीन गिलास पाजले. माझे श्रीखंडाचे डबे तसेच राहिले ना! वरून तंबी, "दम धरा, कोणी उठाचं नाही!"

सुनेला घेऊन दवाखान्यात गेले, तर तिथं तिचंच राज्य. दर्यापूरहून जीपनं आलेली एक बाई घरूनच पाणी पिऊन निघालेली. बिचारी नंबराआधीच बाथरूमकडे पळाली. चंद्रकला तिच्या मागे दारापर्यंत. "काहून गेली वं? आता पह्यल्यापासून पी!"

आणखी एक खोड. पोटावर लावायच्या जेलीची बाटली कायम डाव्या काखेत दाबलेली. एका हातानं दार उघडेल, एका हातानं पाणी ओतेल, निम्मं माझ्या लुगड्यावर सांडेल, पण बाटली सोडणार नाही. मी चिडलेच. "कोण चोरून नेते वं तुही बाटली?"

"तुमी पाणी प्या, वैनी."

यंदा मात्र, पाळी जाऊन दहा वर्षं झाल्यावर, मला रक्ताचा डाग दिसला. घरात कोणाला बोलले नाही. एकटीच गेले. चंद्रकलानं माझं तोंड पाहिलं, अन् त्या दिवशी काहीच विचारलं नाही. नुसता गिलास पुढे केला.

टेबलावर पडले, हातपाय गार. आता गार जेलीनं पोटही गारठणार म्हणून डोळे मिटले. जेली पडली, ती कोमट. अंगाइतकी कोमट.

"माह्या वेळेस बरफावानी होती," चंद्रकला कानाशी बोलली. "लेकराचे ठोके बंद झाले म्हने. बाकी मले काही आठवत नाही, वैनी. तेवढं गार आठवते."

डॉक्टरीणबाई पडद्यावरून वळल्या. "गर्भाशयाचं अस्तर पातळच आहे, आजी. काळजीसारखं काही दिसत नाही."

मी डोळ्यांना पदर लावला. चंद्रकलानं माझं पोट पुसलं, बाटली परत काखेत दाबली अन् दारातून ओरडली,

"पुढची कोन वं? लघवी लागली काय?"