कावळ्यांचं पोट आणि विपुलचं एम.ए.

"कावळा पाच मिनिटांत शिवेल. गॅरंटी माझी!" विपुलने सगळ्या भावकीसमोर जाहीर केलं, आणि घणसोली गावात पहिल्यांदाच कावळ्याची गॅरंटी निघाली.

प्रसंग आज्याच्या दहाव्याचा होता. पिंडाला कावळा शिवला नाही, तर म्हातारा अतृप्त गेला असं गाव म्हणणार. आणि गाव एकदा म्हणायला लागलं की थांबत नाही! विपुलचा बाप नामा या काळजीने अर्धा झाला होता. पण विपुल म्हणजे भावकीतला पहिला एम.ए. तोही मानसशास्त्रात!

"बाबा, टेन्शन घेऊ नका. कावळा झाला तरी त्याला सवय लावता येते."

सुतक लागल्यापासून तो रोज खाडीच्या बांधावर जाऊन थाळी वाजवायचा आणि भाताचे गोळे मांडायचा. कावळे असे तयार झाले, की थाळी वाजताच हजर! रेशनच्या दुकानापेक्षा शिस्त बरी!

दहाव्याच्या सकाळी पाहुणे उतरू लागले. द्रोणागिरीहून सरस्वती आत्या आली.

"विपल्या, दाखव ना रे तुजे कावले!"

विपुलने थाळी वाजवली. कावळे आले, गोळे फस्त! आत्याने कडाकडा बोटं मोडली. मग पावणे गावाहून नातेवाइकांचा टेम्पो आला.

"आत्याला दाखवलंस, मंग आमी काय परके?"

परत थाळी, परत गोळे! त्यात व्हिडिओवाला म्हणाला, "शॉट हुकला. वन्स मोअर!" आता व्हिडिओवाल्याला कोण नाही म्हणतं? विपुलची छाती एव्हाना वीजबिलासारखी फुगली होती.

मग खरा पिंड मांडला. विपुलने थाळी वाजवली. कावळ्यांनी बघितलं. एकाने फांदीवर चोच पुसली. दुसरा लग्नाची पंगत उठल्यावर पाहुणे बसतात तसा रेलून बसला. तिसऱ्याने तर चक्क पाठ फिरवली!

"म्हाताऱ्याची इच्छा राहिलीय!" कोणीतरी कुजबुजलं, आणि भावकी कामाला लागली. थोरल्या काकाने पिंडासमोर बाटली सोडायची शपथ घेतली. कावळे ढिम्म! धाकट्या काकाने, सरकारने घेतलेल्या जमिनीपोटी मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बांधायच्या बिल्डिंगमधली एक खोली सरस्वती आत्याला कबूल केली. कावळे ढिम्म! आत्या मात्र फांदीकडे हात जोडून म्हणाली, "जरा थांबा रे बाबांनो, घाई नको!"

भटजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून उरकू. मला कोपरखैरण्याला जायचंय."

नामाचा चेहरा पडला. "गवताचा कावला? माज्या बापाला?"

आणि इथे विपुलच्या डोक्यात उजेड पडला. सवय कशी लावायची, हा धडा त्याला तोंडपाठ होता. पण लावलेली सवय कधी चालते आणि कधी झोपते, हे प्राण्याच्या भुकेवर आणि भोवतालच्या परिस्थितीवर ठरतं, हा धडा त्याने ऑप्शनला टाकला होता!

"बाबा, त्यांची पोटं भरलीत! भूक लागू दे."

"माज्या बापाची इच्छा राहिलीय, नि तू कावल्यांची पोटं काय सांगतंस!"

विपुल हटला नाही. आत्या वडे टाकायला निघाली, तर त्याने परातच ताब्यात घेतली. "कोणी दाणासुद्धा टाकायचा नाही!" भटजींना त्याने सावलीत बसवून सरबत पाजलं. ऊन चढलं. भावकी घामाने भिजली. अखेर फांदीवरचा एक कावळा मान वाकडी करून खाली बघू लागला. विपुलने हाताची घडी घातली.

"आता येईल."

आला! एक नाही, सगळे आले! पिंडाचा भातही उरला नाही. नामाने पोराला उराशी धरलं.

"माज्या बाबांनीच विपल्याच्या कानात सांगितलं!" आत्या ओरडली.

"नाही गं आत्या, भूक..." पण आत्या पाया पडण्यात गुंतली होती, मागे रांग लागली होती. विपुलने विचार केला: शास्त्रालाही अधूनमधून नमस्कार मिळालेला बरा!

पुढच्याच आठवड्यात पावणे गावचा एक गृहस्थ नारळ घेऊन दारात उभा राहिला.

"विपुलशेठ, आमच्या आयचं दहावं हाय. तुमचा मंतर काय तो सांगा."

विपुलने कॉलर ताठ केली. "मंत्र नाही, शास्त्र आहे. त्या सकाळी कावळ्यांना कोणी काही घालायचं नाही. उपाशी ठेवायचं."

"बस?"

"बस."

गृहस्थाने थोडा विचार केला, आणि समोर ठेवलेला नारळ हळूच उचलून पिशवीत टाकला.

"येवढ्यासाठी एमे केलास?"