बिनतपासणीचं स्थळ

वजनमापे निरीक्षकांनी थोरल्या मुलीसाठी आलेलं चष्मेवाल्याचं स्थळ मोडलं, कारण मुलगा प्रामाणिक निघाला.

एरवी नाव ठेवायला जागा नव्हती. थोरली त्याच्या दुकानात नंबर काढायला तीनदा जाऊन आली होती, आणि तिची नजर उत्तम होती. बोलणी पक्की व्हायच्या दिवशी त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"एक सांगायचंय. मी रक्त तपासून घेतलं. मी थॅलेसेमियाचा वाहक आहे. मला स्वतःला त्रास नाही, होणारही नाही. आईबाप दोघंही वाहक असतील आणि दोघांकडूनही तो दोष आला, तरच मुलाला आजार होतो. तेव्हा हिचंही रक्त तपासून घेऊ. हिच्यात नसेल तर प्रश्न मिटला."

"आणि असेल तर?" निरीक्षकांनी विचारलं.

"दर बाळामागे चारात एक धोका. पण आधी कळलं तर डॉक्टरांशी बोलून काय ते ठरवता येईल."

निरीक्षकांनी एवढ्या बोलण्यातला 'दोष' तेवढा ऐकला. त्यांची सगळी नोकरी दोष काढण्यात गेली होती. ते बाजारात शिरले की दुकानदारांची पाचावर धारण बसे. वजनावर शिक्का नसेल तर ते खोटं धरायचं, मग तोलायला कितीही खरं असो, हा नियम ते डोळ्यांत तेल घालून पाळत. पाहुणे गेल्यावर त्यांनी निकाल दिला, "आपल्या घराण्यात असलं काही नाही."

"तपासलंय कुणी?" थोरलीने विचारलं.

"तपासायचं कशाला? नाही म्हणून सांगतोय ना!"

"बाबा, बिनशिक्क्याचं वजन तुम्ही जप्त करता."

"ती वजनं. ही आपली माणसं."

"मग उद्या मीच जाऊन रक्त देते."

तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला. "नको गं बाई. काही निघालं तर धाकटीला कोण करून घेईल?" थोरली दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी पानावर येऊन बसली. घरात याला समजूतदारपणा म्हणतात.

पुढच्या स्थळांना निरीक्षक पहिला प्रश्न विचारू लागले, "मुलाची कसली तपासणी झालेली नाही ना?" एकाने नोकरीसाठी छातीचा फोटो काढला होता, तो गळला. दुसऱ्याने नुसता ताप मोजला होता. ताप नव्हता, पण मोजायची वेळ का आली? कुठेतरी पाणी मुरत असणार. अखेर छापखानेवाल्यांचा मुलगा मिळाला. त्या घरात कोणी डॉक्टरची पायरी चढलेलं नव्हतं. मुलाच्या दोन आत्या लहानपणीच गेल्या होत्या, पण कशाने ते कळलं नव्हतं, म्हणजे तसं काही नव्हतंच. लग्न थाटात झालं.

नातू सहा महिन्यांचा झाला आणि पांढरा पडत चालला. दूध ओढेना. दवाखान्यात मुलाचं, मग आईबापाचं रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थॅलेसेमिया. दोघंही वाहक आहेत. बाळाला आता दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागेल."

"शक्यच नाही!" निरीक्षक उसळले. "दोघंही शुद्ध होती. कुणाचीच तपासणी झालेली नव्हती!"

डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. निरीक्षक बायकोच्या कानाशी लागले, "बघ, म्हणजे चष्मेवाल्याला नाही म्हटलं ते बरोबरच होतं."

थोरलीने बाळाला खांद्यावर घेतलं होतं. बाळाच्या इवल्याशा हाताला सुईसाठी पट्टी बांधलेली होती. ती म्हणाली, "त्याने तपासून घ्यायला सांगितलं होतं, बाबा. आपल्याला आधी कळलं असतं."

निरीक्षकांनी बाळाच्या पट्टीवरून हळूच बोट फिरवलं. नातवावर त्यांचा खरोखर जीव होता. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्यात हा दोष आला तो तुम्हा दोघांपैकी कुणाकडून तरी. धाकट्या मुलीतही असू शकेल. तिघंही रक्त देऊन जा."

निरीक्षकांनी शर्टाची बाही वर केली, बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली केली. "उद्या येतो," म्हणाले. घरी पोचताच त्यांनी धाकटीसाठी स्थळं बघायला घेतली. काही निघायच्या आत तिचं उरकायला हवं होतं.

तुम्हाला हसू आलं असेल. खुशाल हसा. फक्त आपल्या रक्तात काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे का, एवढं आठवून पाहा. ठाऊक नसेल तर घाबरू नका. निरीक्षकांच्या लेखी तुम्ही अगदी शुद्ध आहात, आणि त्यांची धाकटी लग्नाची आहे.